वडिलांना घेऊन पहिली शिकार : वाचकांचे प्रश्न

पोरं अमेरिकेत आणि आईवडील गावी, हे आता मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांनाही नवं राहिलेलं नाही. नवा आहे तो पत्रांतला हा विषय: तिकडच्या पश्चिमेकडच्या राज्यांत कायदेशीर शिकार करता येते, तर वडिलांचे हातपाय चालतायत तोवर त्यांना एकदा न्यावं का? आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी मूळ औशाचा, चार वर्षांपासून डेन्व्हरला एच-१बी व्हिसावर नोकरीत. आमचे अण्णा ७१ वर्षांचे. पूर्वी घरी राखणीची बारा बोअरची बंदूक होती, ती केव्हाच जमा केली. ऑक्टोबरात आई-अण्णा व्हिजिटर व्हिसावर येतायत. अण्णांना एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला न्यावं असं फार मनात आहे. ऑफिसातला एक मित्र रायफल द्यायला तयार आहे. कागदपत्रं काय लागतील?

उत्तर : मित्राची रायफल हातात घेण्याआधी थांबा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगणंच मना आहे. व्हिजिटर व्हिसावरचे अण्णा त्यात आले आणि एच-१बीवरचे तुम्हीही. सूट कोणाला? तर ज्याच्याकडे तिथल्या एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना आहे त्याला. म्हणजे सरावाच्या मैदानावर ‘जरा एक गोळी मारून बघतो’ म्हणायलाही खिशात परवाना हवा. नसेल तर घेणारा अडकतोच, जाणूनबुजून देणाराही अडकतो. पोरं नेमकी इथे फसतात, कारण रायफल देणाऱ्या अमेरिकन मित्राला हा नियम सहसा ठाऊक नसतो. त्याला स्वतःला तो कधी लागलेलाच नसतो.

आता परवाना. कोलोरॅडोत, म्हणजे तुमच्या डेन्व्हरच्या राज्यात, १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ‘हंटर एज्युकेशन’चं, म्हणजे शिकारीच्या शिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तुम्ही दोघंही त्यात येता. पन्नाशीपुढच्यांना वर्गात न बसता थेट परीक्षा देता येते, पण ती इंग्रजीत. अण्णांसाठी ‘ॲप्रेंटिस’ म्हणजे शिकाऊ प्रमाणपत्र सोयीचं. ते आयुष्यात दोनदाच मिळतं आणि त्यात प्रमाणपत्रधारक सोबत्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहावं लागतं. तो सोबती तुम्हीच असणार, म्हणून आधी तुमचं प्रमाणपत्र पूर्ण करा.

एल्कचे बरेचसे परवाने सोडतीने मिळतात. अर्जाची शेवटची तारीख एप्रिलचा पहिला मंगळवार. अर्ज करायला आधी एक साधा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक जण लहान शिकारीचा वार्षिक परवाना घेतात. तो मार्चपासून पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालतो आणि वर सांगितलेली बंदुकीची अडचणही तोच सोडवतो. एका कागदात दोन कामं. सोडत हुकली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामात काही भागांत नराचा परवाना दुकानातून सरळ विकत मिळतो. त्यात मात्र एक मेख आहे. नराच्या एका शिंगाला निदान चार फाटे हवेत, किंवा कपाळाजवळचा पहिला फाटा पाच इंचांचा हवा. दीडशे मीटरवर झुडपाआडचे फाटे मोजायचे, तेही सत्तरीपुढच्या डोळ्यांनी! शिवाय कोलोरॅडोत एकाच्या परवान्यावर दुसऱ्याने जनावर मारणं गुन्हा आहे. ‘अण्णांचा नेम चुकला तर मी मारीन’ हा बेत मनातून काढून टाका.

सलग सहा महिने राहिलेल्याला रहिवाशाचा दर लागतो, अण्णांना बाहेरच्याचा. एल्कसाठी तो आठशे डॉलरच्या आसपास जातो.

एवढं सांगून आमचं मत: पहिल्या वेळी एल्कच्या मागे लागूच नका, प्रॉन्गहॉर्न घ्या. एल्क हे सांबराच्या कुळातलं जनावर. नर तीनशे किलोंच्या पुढे, म्हणजे अंगाने आपल्या लाल कंधारी बैलाच्या जवळपास, आणि राहतं अडीच-तीन हजार मीटरवरच्या उतारांच्या जंगलात. प्रॉन्गहॉर्न चाळीस ते साठ किलोंचं. आपल्या काळविटासारखं उघड्या माळावर राहतं आणि दिवसभर डोळ्यांना दिसतं. शेजारच्या वायोमिंग राज्याच्या पूर्वेकडचा माळ दीड हजार मीटरच्या आसपास. कॅस्पर गावात मोटेलमध्ये राहायचं, सकाळी गाडीने निघायचं, संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ. डेन्व्हरहून कॅस्पर चार-साडेचार तासांवर. आणि हे तर अण्णांच्या वयाच्या पथ्यावरच पडतं: वायोमिंगमध्ये प्रमाणपत्राची अट १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. अण्णांना परीक्षाच नाही, तुम्हाला मात्र आहे. बाहेरच्यांचे अर्ज जूनच्या सुरुवातीला बंद होतात, शिकार सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात. अर्ज करण्याआधी त्या भागाचा नकाशा काढून सरकारी जमीन किती ते बघा. खासगी रान बरंच असेल तर परवाना हातात असून पाय ठेवायला जागा मिळत नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याने शेतमालकांशी करार करून उघडलेले ‘वॉक-इन’ भाग नकाशावर दाखवलेले असतात, तिथून सुरुवात करा.

तरीही एल्कच हवं असेल तर मादीचा परवाना मागा. फाटे मोजायची भानगड नाही, मांस कोवळं, वजन आटोक्यातलं.

प्रश्न : वडील ६८, बीपी आणि मधुमेह दोन्ही, गोळ्यांवर नियंत्रणात. धाकट्या भावाने कोलोरॅडोत एल्कचा परवाना काढूनही ठेवलाय. नांदेडच्या माणसाला तिकडची उंची सोसेल का? (नांदेड)

उत्तर : नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर, डेन्व्हर सोळाशेवर, एल्क अडीच हजारांच्या वर. विमान आणि गाडी मिळून हा चढ दोन दिवसांत चढवतात, शरीराला मात्र आठवडा लागतो. उंचीचा त्रास तब्येतीवर फारसा नसतो, वेगावर असतो. रोज पाच किलोमीटर चालणारा माणूसही अडीच हजारांवर पहिल्या रात्री डोकं धरून बसू शकतो.

म्हणून मुक्काम असा आखा. डेन्व्हरला निदान तीन रात्री. घड्याळ ऑक्टोबरात आपल्यामागे साडेअकरा तास असतं, म्हणजे दिवसाची रात्र होते. झोप बसायलाच तेवढे दिवस जातात. मग क्रेग किंवा मीकर या गावांत मुक्काम. दोन्ही एकोणीसशे मीटरच्या आसपास आहेत आणि एल्कचे मोठे कळप त्याच भागात आहेत. दिवसा वर जायचं, रात्री खाली येऊन झोपायचं. तीन हजारांवर तंबू ठोकायचा बेत भावाचा असेल तर तो भावाने मित्रांसोबत करावा. वाटेत आय-७० महामार्गावरचा बोगदा तब्बल चौतीसशे मीटरवर आहे. गाडीत बसून जाताना काही होत नाही, पण तिथे थांबून बर्फात फोटोसाठी धावपळ करू नये.

डोकेदुखी, त्यात मळमळ, भूक मेलेली, झोप नाही, ही पहिली खूण. त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागतोय, खोकला आहे, किंवा सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच खाली आणायचं. ‘झोपले की बरं वाटेल’ म्हणून माणसं दगावतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, पण बोटं गार असली की तो कमी आकडा दाखवतो. आधी हात चोळून गरम करा.

उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी असते, साधारण १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून. ही गोळी लघवी वाढवते. वडिलांच्या बीपीच्या गोळीत आधीच लघवीचं औषध असेल, किंवा सल्फाची ॲलर्जी असेल, तर गोष्ट बदलते. म्हणून चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, नुसती चिठ्ठी नको. चालताना काढायचा ईसीजी म्हणजे ट्रेडमिलवरची तपासणीही त्याच भेटीत मागा.

थंडीने मधुमेहवाल्यांचे हाल वेगळे. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या गारठ्यात चुकीचं दाखवतात किंवा बंद पडतात. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. दोन्ही शर्टाच्या आतल्या खिशात, अंगालगत. रात्री अंथरुणात. औषधं दोन भागांत वाटून दोन्ही हातबॅगेत, सामानात नाही. चढावर साखर झपाट्याने उतरते, तेव्हा शेंगदाण्याचा लाडू किंवा खजूर वडिलांच्या स्वतःच्या खिशात हवा, भावाच्या पिशवीत असून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात कोणी विचारत नाही. या वयात रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मोटेलमध्ये ठीक, तंबूत उणे पाच अंशांत बूट शोधत बाहेर जाणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. रुंद तोंडाची, ओळखू येईल अशी वेगळी बाटली न्या.

प्रवास विमा काढताना ‘आधीपासूनचे आजार’ आणि ‘साहसी खेळ’ ही दोन कलमं वाचा. कित्येक पॉलिसींत शिकार दुसऱ्या कलमाखाली वगळलेली असते.

प्रश्न : अजून आठ महिने हातात आहेत. इथे राहून वडिलांनी काय तयारी करावी? (अंबाजोगाई)

उत्तर : पाय, खांदा आणि डोळे, या क्रमाने.

पायांसाठी सपाटीवरचं चालणं पुरत नाही. बालाघाटाचे डोंगर तुमच्या दाराशी आहेत. आठवड्यातून तीनदा चढ-उतार, सुरुवात रिकाम्या पाठीने, दोन महिन्यांनी पाच किलो. गुडघा चढताना बोलत नाही, उतरताना बोलतो, म्हणून दोन्ही हातांत काठ्या घेऊन उतरायची सवय आतापासून लावा. परीक्षा म्हणून एकदा देवगिरीचा किल्ला करा. पायथ्यापासून अंधारी वाट ओलांडून बारादरीपर्यंत, थांबत थांबत का होईना, पण वर पोचल्यावर दोन मिनिटांत धड वाक्य बोलता आलं पाहिजे. आलं तर माळावरची शिकार आरामात, एल्कही सावकाश जमेल. नाही आलं तर बेत बदला, वडिलांना नव्हे.

बूट आठ महिन्यांपैकी निदान दोन महिने पायात असावेत. मुलगा तिकडून कोणासोबत पाठवत असेल तर जाड लोकरी मोजे घालून माप घ्या, अर्धा नंबर मोठा. विमानात नवेकोरे बूट घालून बसणाऱ्याच्या टाचा तिसऱ्या दिवशी सोलतात आणि शिकार तिथेच संपते. सुती बनियन घरीच ठेवा. घामाने ओली झाली की वाळत नाही, आणि थांबल्यावर हुडहुडी तिथूनच भरते.

नेमासाठी इथे रायफल लागत नाही. जिल्ह्यातल्या रायफल क्लबात दहा मीटरची एअर रायफल मिळाली तर पुरे. शिकायचं ते एवढंच: श्वास अर्धा सोडून धरणं आणि ट्रिगर झटक्याने न ओढता दाबत नेणं. म्हाताऱ्या माणसाचा हात हलतो, ते आधाराने भरून निघतं. म्हणून स्टुलावर बसून तिकाटण्यावर नळी टेकवून सराव करा. उभ्याने मारायचा हट्ट नको.

डोळ्यांचं म्हणाल तर प्रोग्रेसिव्ह चष्मा रायफलवरच्या दुर्बिणीशी भांडतो. मान वाकली की नजर काचेच्या भलत्याच भागातून जाते आणि नेमाचा काटा धूसर दिसतो. फक्त लांबचं बघायचा एकेरी नंबराचा स्वस्त चष्मा करून घ्या. आणि कॉलरबोनखाली पेसमेकर असेल तर रायफलचा दस्ता त्या खांद्याला लावायचा नाही. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

तिकडे गेल्यावर धक्का कमी मारणारी रायफल मागा. ६.५ क्रीडमोर किंवा ७ एमएम-०८ या दोन्ही पुरेशा आहेत. ‘मोठं जनावर, मोठी गोळी’ म्हणून कोणी मॅग्नम, म्हणजे जोराचा धक्का मारणारी रायफल, हातात देईल. तिसऱ्या गोळीला वडील डोळे मिटायला लागतील आणि मग नेम परत येत नाही. कोलोरॅडोत एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची (नळीचा व्यास इंचांत) आणि गोळी किमान ८५ ग्रेनची (साधारण साडेपाच ग्रॅम), फुलणारी, अशी अट आहे. आवाज कानाला कायमचा इजा करणारा असतो; कानातले बूच आणि वर मफ, सरावात दोन्ही. श्रवणयंत्र असेल तर ते काढून. डोळा दुर्बिणीपासून तीन-साडेतीन इंच मागे ठेवायचा, नाहीतर धक्क्याने कडा भुवईवर बसते आणि रक्त निघतं.

अंतराची मर्यादा अशी ठरवा: बसून, आधाराने, पाचपैकी पाच गोळ्या नाश्त्याच्या ताटलीएवढ्या गोलात जिथून बसतात, तेवढंच अंतर. बहुतेक नवख्यांचं ते दीडशे मीटर निघतं. दोनशेच्या पुढे कोणी डिवचलं तरी नाही.

प्रश्न : आमचे बाबा माळकरी, पंढरीची वारी चुकवत नाहीत. पण मुलगा जाणार म्हटल्यावर ‘मी नुसता सोबत येतो’ म्हणतात. त्यांना परवाना लागेल का? (गंगाखेड)

उत्तर : नुसतं बघायला किंवा फोटो काढायला निःशस्त्र सोबत येणारा माणूस कोलोरॅडोच्या कायद्यात शिकारी धरला जात नाही. मात्र जनावर हाकणं, शिट्टीने बोलावणं, मुलाची रायफल ‘जरा धरतो’ म्हणून हातात घेणं, यातलं काही करायचं नाही. भगव्याशी नातं जुनं असलं तरी इथे लागतो तो चमकदार नारिंगी (गुलाबीही चालतो). रायफल हंगामात शिकाऱ्याला अंगावर ५०० चौरस इंच आणि डोक्यावर टोपी सक्तीची आहे. बाबांनीही तेवढंच घालावं. दुर्बीण त्यांच्या गळ्यात द्या. शांत बसून तासभर एकच उतार न्याहाळणं तरुणांना जमत नाही, टाळ घेऊन रात्र काढणाऱ्याला जमतं. जनावर सोलायच्या वेळी त्यांना गाडीत बसवा. हे आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी नको.

प्रश्न : जनावर पडल्यावर पुढे काय? आम्ही दोघंच असू, वडील ७०, मी ३८. (परभणी)

उत्तर : शिकारीतलं खरं काम इथून सुरू होतं, आणि सहल बिघडते तीही इथेच.

गोळी लागल्यावर धावू नका. पुढच्या पायामागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर बसली तर जनावर फार लांब जात नाही. घड्याळ लावून अर्धा तास बसा, मगच रक्ताचा माग काढा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच सापडेल. हिरवट, वासाचं असेल तर कोथळ्यात लागली आहे; अशा वेळी कित्येक तास थांबावं लागतं. वडिलांना शेवटच्या रक्ताच्या थेंबापाशी उभं करा आणि तुम्ही पुढे बघा. दोघंही पुढे गेलात तर मागचा धागा हरवतो.

सापडल्यावर परवान्याची चिठ्ठी भरून जनावराला लावायची. मग पोट न फोडता सोलायची पद्धत वापरा. दोन माणसांना तीच झेपते. जनावर कुशीवर. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून कातडी चिरायची, पण पातं आतून बाहेर चालवायचं. बाहेरून चिरली तर केस तुटून मांसावर बसतात आणि सुरी दहा मिनिटांत बोथट होते. कातडी पोटाकडे उलटवली की पुढचा फरा सरळ सुटतो, कारण तिथे हाडाचा सांधा नसतोच. वडिलांनी पाय वर धरायचा, तुम्ही बगलेतून कापत जायचं. मागच्या मांडीला खुब्याची वाटी शोधावी लागते, टोकाने चाचपून. मग कण्यालगतचा लांब पट्टा, मानेचं मांस, आणि शेवटच्या बरगडीमागून हात आत घालून आतला कोवळा तुकडा. दुसरी बाजू तशीच. लिंग ओळखता येईल असा अवयव एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या. तो कापून टाकला तर वाटेत तपासणीत दंड बसतो.

मांस जाळीच्या सुती पिशव्यांत, सावलीत, फांदीला टांगून. प्लास्टिकमध्ये कधीच नाही, ते आतल्या उष्णतेने आंबतं. प्रॉन्गहॉर्नला तर हे जास्तच लागू. माळावर दुपारी बराच उन्हाळा असू शकतो; तासाभरात कातडी निघून मांस बर्फाच्या पेटीत गेलं पाहिजे. ‘त्याला वास येतो’ म्हणतात तो वास बहुतेक वेळा आळसाचा असतो.

आता गणित. एल्कच्या मादीचे हाडांसकट तुकडे साधारण शंभर किलो. एका खेपेला वीस-बावीस किलो, म्हणजे पाच खेपा. वडिलांच्या पाठीवर काही द्यायचं नाही, पाच किलोही नाही. अंधारात, उतारावर, थकलेल्या गुडघ्यावर. गाडीपासून दीड किलोमीटरवर जनावर पडलं तर तुमची एकट्याची पायपीट पंधरा किलोमीटरच्या आसपास होते. म्हणून गोळी मारण्याआधी मागे वळून गाडी किती लांब आहे ते बघायचं, आणि एक किलोमीटरपलीकडे असेल तर कितीही सुंदर एल्क असो, जाऊ द्यायचं. चढून गाडीकडे यावं लागेल अशा दरीत तर मुळीच नाही.

कोलोरॅडो आणि वायोमिंग दोन्हीकडे हरणवर्गात सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो. एल्कचं डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवा, आणि मणका-मेंदू कापायच्या भानगडीत पडू नका.

फोनला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने मिळतं. ते वडिलांच्या जॅकेटला अडकवा आणि बटण कोणतं हे त्यांच्याकडून तीनदा दाबून घ्या, अर्थात बंद करून. ते तुमच्याजवळ असून तुम्हीच पडलात तर काय उपयोग?

प्रश्न : शिंगं आणि थोडं वाळवलेलं मांस गावी आणता येईल का? आणि इथे शेतात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, परत आल्यावर त्यांच्यावर हात साफ करता येईल का? (कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : दोन्हींचं उत्तर नाही. शिंगं मुलाच्या घरी भिंतीवर राहू द्या, फोटो आणा. विमानतळावर कस्टमशी हुज्जत घालण्याजोगी ती वस्तू नाही. १९७२ म्हटलं की आपल्याकडे दुष्काळ आठवतो, पण वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. रानडुक्कर असो की रोही, नुकसान झालं म्हणून आपण होऊन मारता येत नाही. पंचनामा करून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे भरपाईचा अर्ज करा, तोही नुकसानीनंतर लगेच. पीक उभं-आडवं दिसत असतानाचे फोटो जोडून.